ओकॅमलमधली वेगवान आकडेमोड: बेरीज स्वस्त, बॉक्सिंग महाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथन सोडून ओकॅमल या फंक्शनल भाषेत एक सिम्युलेशन लिहिलं आहे. एक लाख कण आहेत, प्रत्येकाची त्रिमितीतली जागा आणि वेग दर पावलाला बदलतो. मध्येमध्ये एकूण ऊर्जा काढायची आणि तोच रन पुन्हा जसाच्या तसा येतो का हे तपासायला सगळ्या स्थितीचा ६४ बिटी हॅश (सगळ्या बाइटांवरून काढलेली एक ओळख-संख्या) काढायचा. पूर्णांकांचे लूप सीच्या जवळपास धावतात, पण फ्लोटचा, म्हणजे दशांश संख्यांचा, भाग कितीतरी हळू आहे आणि हॅशचा भाग त्याहून हळू. फंक्शनल भाषेत आकडेमोड अशीच असते का? सगळं सीमध्ये पुन्हा लिहावं का?

आत्ताच पुन्हा लिहू नका. ओकॅमलचा नेटिव्ह (थेट मशीन कोड बनवणारा) कंपायलर दोन फ्लोटची बेरीज प्रोसेसरच्या त्याच एका सूचनेने करतो, जी सीचा कंपायलर वापरतो. वेळ जातो तो संख्या एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना: एका फंक्शनातून दुसऱ्यात, रेकॉर्डच्या फील्डमध्ये, क्लोजरमध्ये (बाहेरची मूल्यं सोबत धरून ठेवणाऱ्या फंक्शनमध्ये), पॉलिमॉर्फिक म्हणजे कोणत्याही टाइपवर चालणाऱ्या कोडमध्ये. अशा प्रत्येक सीमेवर फ्लोटसाठी मेमरीत एक छोटा बॉक्स तयार होतो. म्हणून गणित बदलायची गरज नाही, सीमा हलवाव्या लागतात. आधी पूर्णांक का वेगवान आहेत ते पाहू, कारण फ्लोटचं दुखणं त्याच निर्णयातून आलं आहे.

ओकॅमलमध्ये प्रत्येक मूल्य एका मशीन वर्डमध्ये (६४ बिटी मशीनवर ८ बाइट) मावतं. तो वर्ड एकतर पूर्णांक असतो किंवा हीपवरच्या (धावताना घेतलेल्या मेमरीतल्या) एखाद्या ब्लॉकचा पॉइंटर, म्हणजे पत्ता. न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला धावताना टाइप माहीत नसतात, त्याला नुसता वर्ड पाहून ठरवायचं असतं की याच्या मागे जायचं की नाही. ६४ बिटी मशीनवर ब्लॉकचे पत्ते ८ च्या पटीत असतात, म्हणजे पॉइंटरचा शेवटचा बिट नेहमी ० असतो. म्हणून पूर्णांकाचा शेवटचा बिट १ ठेवला (हाच टॅग) आणि प्रश्न सुटला. किंमत एका बिटाची: इंट ६४ ऐवजी ६३ बिटांचा, कमाल मूल्य ४६११६८६०१८४२७३८७९०३, म्हणजे २ चा ६२ वा घात वजा १.

याचा अर्थ संख्या अ ही मेमरीत २अ+१ म्हणून राहते. ५ ही ११ म्हणून आणि ७ ही १५ म्हणून. बेरीज करायची तर ११ आणि १५ मिळवून १ वजा करायचा: २५, म्हणजे १२ चं रूप. एक्स८६-६४ वर ‘दोन रजिस्टर मिळव आणि एक स्थिरांक वजा कर’ हे काम ‘एलईए’ ही एकच सूचना करते, त्यामुळे टॅगचा खर्च जवळजवळ शून्य. स्थिरांक मिळवायचा असेल तर त्याची दुप्पट मिळवली की झालं, टॅगला हात लावावा लागत नाही. तुलना तर थेटच होते, कारण अ पेक्षा ब मोठा असेल तर २अ+१ पेक्षा २ब+१ मोठाच असतो. गुणाकारात एका बाजूचा टॅग काढायचा, दुसरी बाजू एक बिट उजवीकडे सरकवायची आणि शेवटी १ मिळवायचा. दोन-तीन जास्तीच्या सूचना, पण प्रत्येक एका चक्राची.

भागाकार वेगळा आहे, पण त्याचं कारण टॅग नव्हे. पूर्णांक भागाकार प्रोसेसरलाच जड जातो, शिवाय भाजक शून्य आहे का हे ओकॅमल तपासतं. मात्र भाजक कंपाइल करतानाच माहीत असेल तर भागाकाराच्या जागी गुणाकार आणि शिफ्ट येतो आणि शून्याची तपासणीही गळते. म्हणून मॉड्यूलस (ज्याने भागून बाकी काढायची ती संख्या) फंक्शनला पॅरामीटर म्हणून देऊ नका, मॉड्यूलच्या सुरुवातीला स्थिरांक म्हणून लिहा. स्पर्धात्मक प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या लाडक्या १००००००००७ या मॉड्यूलससाठी ६३ बिट पुरतात का असं अनेक जण विचारतात. पुरतात. त्याहून लहान दोन संख्यांचा गुणाकार साधारण १ वर १८ शून्यांइतका होतो आणि इंटची मर्यादा त्याच्या साडेचारपटीहून मोठी आहे. असे चार गुणाकार मिळवून एकदाच बाकी काढली तरी चालतं, आणि तसंच करावं, कारण बाकी काढणं हीच सर्वांत महाग पायरी आहे.

हिशेबाच्या कामासाठीही हा इंट भरपूर आहे. रक्कम पैशांत ठेवली तर सुमारे ४६ हजार लाख कोटी रुपये मावतात, आणि केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प साधारण ५० लाख कोटींचा होता. १९७० पासूनचे नॅनोसेकंद मोजले तर सुमारे १४६ वर्षं मावतात, म्हणजे २११६ पर्यंत चिंता नाही. पण मर्यादा ओलांडली तर ओकॅमल एक्सेप्शन टाकत नाही. संख्या निमूट गुंडाळली जाते आणि ऋण बाजूला जाऊन पडते. बेरजेपुरती तपासणी सोपी आहे: दोन्ही संख्यांचं चिन्ह एक आणि उत्तराचं वेगळं आलं की समजायचं. संख्या किती वाढतील याचा अंदाजच नसेल तर झॅरिथ ही कितीही मोठ्या पूर्णांकांची लायब्ररी वापरा. तिथेही हीच युक्ती आहे: लहान संख्या साध्या टॅग केलेल्या पूर्णांकासारखी राहते, मावेनाशी झाली तरच मोठ्या संख्येचा ब्लॉक तयार होतो. त्यामुळे नेहमीच्या लहान संख्यांवर झॅरिथचा भार सोसण्यासारखा असतो.

आता फ्लोट. फ्लोटचे ६४ च्या ६४ बिट अर्थपूर्ण असतात, त्यातला एक टॅगला देता येत नाही. म्हणून एकसारख्या वर्डच्या जगात फ्लोट पॉइंटरमागे जातो: ८ बाइटचा हेडर, ८ बाइटचं मूल्य, एकूण १६ बाइट. हाच बॉक्स. तो तयार करणं ओकॅमलमध्ये खूप स्वस्त आहे, हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर नको तिथे मेहनत कराल. मायनर हीपवर (नव्या वस्तूंच्या छोट्या भागात) जागा घेणं म्हणजे एक पॉइंटर खाली सरकवायचा, मर्यादा ओलांडली का पाहायचं आणि हेडर लिहायचा. मायनर हीप डीफॉल्टने २५६ हजार वर्डचा, म्हणजे ६४ बिटी मशीनवर २ मेगाबाइटचा असतो. तो भरला की कलेक्टर फक्त जिवंत, म्हणजे अजून वापरात असलेल्या, वस्तू उचलून मेजर हीपमध्ये (टिकलेल्या वस्तूंच्या भागात) नेतो. मेलेल्या बॉक्ससाठी त्याला काहीच काम नसतं.

म्हणजे बॉक्स जन्मला आणि लगेच मेला तर खर्च थोडा. जन्मून जगला तर खर्च खरा. तुमच्या कोडमध्ये दुसरा प्रकार घडतो आहे.

तुमच्या कणाच्या रेकॉर्डमध्ये पहिलं फील्ड क्रमांक आहे, इंट. मग सहा बदलते फ्लोट, तीन जागेचे आणि तीन वेगाचे. ओकॅमलचा नियम असा की रेकॉर्डची सगळी फील्ड फ्लोट असतील तर ती सपाट ठेवली जातात, बॉक्सशिवाय, सलग. पण त्यात एक जरी वेगळ्या टाइपचं फील्ड आलं की पूर्ण रेकॉर्ड साध्या पद्धतीचा होतो आणि प्रत्येक फ्लोट वेगळ्या बॉक्समध्ये जातो. तुमच्या त्या एका क्रमांकाने सहा फ्लोट बॉक्समध्ये ढकलले आहेत.

याचा हिशेब मांडून पाहा. दर पावलाला एक लाख कणांची सहा-सहा फील्ड बदलतात, म्हणजे सहा लाख नवे बॉक्स, ९६ लाख बाइट. २ मेगाबाइटचा मायनर हीप एका पावलात चार-पाच वेळा भरतो. हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण इथे प्रत्येक नवा बॉक्स मेजर हीपमधल्या जुन्या रेकॉर्डला जोडलेला आहे. त्यामुळे प्रत्येक असाइनमेंट ‘केमल मॉडिफाय’ या रनटाइमच्या फंक्शनातून जाते, जे ‘जुन्या वस्तूने नव्या वस्तूकडे बोट दाखवलं’ याची नोंद ठेवतं. मायनर कलेक्शन झालं की ते सगळे बॉक्स जिवंत निघतात आणि एकेक करून मेजर हीपमध्ये कॉपी होतात. आधीच्या पावलातले सहा लाख बॉक्स तिथे कचरा म्हणून पडतात आणि मेजर कलेक्टरला ते झाडावे लागतात. यात कुठेही भौतिकशास्त्र नाही. सीमधल्या प्रोग्रामशी तुलना करताना जो फरक दिसतो तो बहुतेक इथला आहे.

उपाय दोन आहेत. सहा फ्लोटचा स्वतंत्र रेकॉर्ड करा आणि तो क्रमांकाच्या रेकॉर्डमध्ये एक फील्ड म्हणून ठेवा. आतला रेकॉर्ड सपाट होतो, असाइनमेंट म्हणजे थेट मेमरीत ८ बाइट लिहिणं, नोंद नाही, बॉक्स नाही. बाकीच्या कोडला फार हात लावावा लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक राशीसाठी एक फ्लोट अ‍ॅरे: एक क्ष-जागांचा, एक क्ष-वेगांचा, असे सहा. फ्लोट अ‍ॅरेही ओकॅमलमध्ये सपाट असतात. मी तुमच्या जागी दुसरा निवडेन, कारण तुमचं आतलं लूप एकेका राशीवरून सरळ पुढे धावतं आणि प्रोसेसरच्या कॅशला सलग मेमरी आवडते. पण कण मधूनच जन्मत-मरत असतील तर पहिला उपाय सांभाळायला सोपा.

आता फंक्शनांची सीमा. तुमचं पाऊल टाकणारं फंक्शन जागा आणि वेग घेतं आणि नव्या जागा-वेगाची जोडी परत करतं. वाचायला सुंदर आहे. पण साधा कंपायलर फंक्शनच्या सीमेवर फ्लोट बॉक्समध्येच देतो-घेतो. परत येणारी जोडी म्हणजे तीन वर्डचा टपल (मूल्यांची जोडी धरणारा ब्लॉक) आणि दोन वर्डचे दोन बॉक्स, एकूण ७ वर्ड, ५६ बाइट. एक कोटी वेळा बोलावलं की ५६ कोटी बाइट, म्हणजे सुमारे २६७ मायनर कलेक्शन. हे बॉक्स लगेच मरतात, म्हणून रेकॉर्डच्या तुलनेत हा खर्च बराच कमी आहे, पण शून्य नाही. फंक्शन लहान असेल आणि त्याच मॉड्यूलमध्ये असेल तर कंपायलर ते बहुधा जागीच उलगडतो. मग आतले बॉक्स नाहीसे होतात आणि संख्या रजिस्टरमध्ये राहतात. एकाच फंक्शनच्या पोटात ओकॅमल फ्लोट छान अनबॉक्स करतं. तिथे त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही.

याच नियमातून एक गोष्ट निघते जी फंक्शनल शैली मनापासून आवडणाऱ्यांना पटायला वेळ लागतो. बेरीज जमवणारं रिकर्सिव्ह फंक्शन लिहिलं, ज्यात इंडेक्स आणि आतापर्यंतची बेरीज पॅरामीटर म्हणून फिरते, तर बेरीज इंट असेल तेव्हा ते लूपइतकंच वेगवान होतं. बेरीज फ्लोट असेल तर प्रत्येक फेरीला ती पॅरामीटर बनते, म्हणजे सीमा ओलांडते, म्हणजे बॉक्स. याउलट फॉर लूप आणि बाहेर एक स्थानिक रेफ (बदलता येणारा कप्पा) लिहिला, आणि तो रेफ कुठल्या क्लोजरमध्ये पकडला गेला नाही, तर कंपायलर रेफच काढून टाकतो. बेरीज सरळ फ्लोट रजिस्टरमध्ये जाऊन बसते. बाहेरून पाहणाऱ्यासाठी फंक्शन तितकंच शुद्ध आहे: तेच इनपुट दिलं की तेच उत्तर, बाहेर काही बदलत नाही. आतला बदल आतच राहतो. फंक्शनल प्रोग्रामिंगच्या तत्त्वाशी ही तडजोड आहे असं मला वाटत नाही, आणि आतल्या लूपमध्ये मी ती न संकोचता वापरतो.

पण त्याच रेफला अ‍ॅरेच्या ‘इटर’ला दिलेल्या अनामिक फंक्शनमधून हात लावला की सगळं उलटतं. रेफ हीपवर जातो, दर फेरीला नवा बॉक्स होतो आणि ‘केमल मॉडिफाय’ परत येतं. तुमची ऊर्जा ‘फोल्ड लेफ्ट’ने (घटक एकेक करून जमवत जाणाऱ्या फंक्शनने) काढली आहे, तिथलं गणित असं: हे फंक्शन पॉलिमॉर्फिक आहे, त्याला अ‍ॅरे फ्लोटचा आहे की पॉइंटरचा हे माहीत नाही. म्हणून प्रत्येक घटक वाचताना ते टॅग तपासतं, फ्लोट निघाला तर बॉक्स करतं, मग क्लोजर बोलावतं, आणि क्लोजर नवी बेरीज बॉक्स करून परत देतं. घटकामागे दोन बॉक्स, ३२ बाइट. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या कोडमध्ये ‘फोल्ड लेफ्ट’ जरूर ठेवा. दर पावलाला सहा लाख फ्लोटवर धावणाऱ्या जागी फॉर लूप लिहा. एक काळजी घ्या: बेरजेचा क्रम डावीकडून उजवीकडे तसाच ठेवा. फ्लोटची बेरीज क्रमानुसार शेवटच्या बिटांत बदलते आणि तुम्ही हॅशने तेच बिट तपासत आहात. एक्स८६-६४ वर ओकॅमलचा कंपायलर स्वतःहून हा क्रम बदलत नाही, त्यामुळे तुम्ही बदलला नाहीत तर जुने हॅश जुळतील.

पॉलिमॉर्फिझमची दुसरी सीमा जास्त लपलेली असते. स्टँडर्ड लायब्ररीतलं साधं ‘मॅक्स’ कोणत्याही टाइपवर चालतं. ते चालतं कारण आत सीमध्ये लिहिलेलं सर्वसाधारण तुलनेचं फंक्शन बोलावलं जातं. दोन फ्लोट द्या, दोन्ही बॉक्स होतील, सीचं फंक्शन दोन्हींचे हेडर पाहील, मग उत्तर. एका सूचनेच्या कामासाठी इतकं सगळं. तुमच्या टक्कर तपासणाऱ्या लूपमध्ये ते तीनदा आलं आहे. टाइप लिहून स्वतःचं दोन ओळींचं ‘मॅक्स’ करा, पॅरामीटरपुढे फ्लोट असं स्पष्ट नोंदवा. टाइप माहीत झाला की तीच तुलनेची खूण थेट मशीनच्या तुलनेत बदलते. फ्लोट मॉड्यूलमध्येही ‘मॅक्स’ आहे, पण ते ‘नॅन’ (‘संख्या नाही’ असं मूल्य) आणि उणे शून्य यांची नीट काळजी घेतं, म्हणून थोडं जास्त काम करतं. ती काळजी हवी असेल तर तेच वापरा. सॉर्टला ‘कंपेअर’ देताना इंटचा किंवा फ्लोटचा ‘कंपेअर’ द्या. अ‍ॅरे घेणाऱ्या लहान मदतनीस फंक्शनांनाही ‘फ्लोट अ‍ॅरे’ असा टाइप लिहा, नाहीतर ती विनाकारण सर्वसाधारण होतात. आणि वर्ग काढायला घातांकाची खूण वापरू नका, ती सीच्या घाताच्या फंक्शनकडे जाते. संख्येला तिनेच गुणा. वर्गमूळ मात्र निर्धास्त वापरा, ती एक सूचना आहे.

आता हॅश. तुम्ही वापरलेला एफएनव्ही-१ए हा हॅश प्रत्येक बाइटसाठी दोन कामं करतो: हॅशशी एक्सऑर (बिट वेगळे असतील तिथे १, सारखे तिथे ०), मग १०९९५११६२८२११ ने गुणाकार, सगळं ६४ बिटांत. ओकॅमलचा इंट ६३ बिटांचा म्हणून तुम्ही पूर्ण ६४ बिटांचा इंट६४ हा टाइप घेतला, ते स्वाभाविक आहे. पण इंट६४ फ्लोटपेक्षाही जाड बॉक्समध्ये राहतो: हेडर, त्या टाइपच्या क्रियांच्या तक्त्याचा पॉइंटर आणि मूल्य, असे तीन वर्ड, २४ बाइट. तुमचं एक बाइट मिसळणारं फंक्शन वेगळ्या मॉड्यूलमध्ये आहे. सहा लाख फ्लोट म्हणजे ४८ लाख बाइट, प्रत्येकामागे २४ बाइटचा बॉक्स, म्हणजे एका हॅशसाठी साडेअकरा कोटी बाइट. फ्लोटसारखाच इंट६४ही एका फंक्शनच्या पोटात अनबॉक्स राहतो. म्हणून पूर्ण हॅश एकाच फंक्शनमध्ये, स्थानिक रेफ आणि फॉर लूपने लिहिला की हे सगळं रजिस्टरमध्ये येतं. फ्लोटचे बिट इंट६४ म्हणून देणारं फंक्शनही बॉक्सशिवाय चालतं.

याहून चांगला मार्गही आहे, आणि मला तो फार आवडतो. एक्सऑर आणि गुणाकार या दोन्ही क्रियांत खालचे बिट वरच्या बिटांवर अवलंबून नसतात. म्हणून हाच हॅश साध्या इंटने केला तर उत्तर खऱ्या एफएनव्ही-१ए च्या खालच्या ६३ बिटांशी तंतोतंत जुळतं. फक्त सर्वांत वरचा बिट जातो. सुरुवातीचा स्थिरांक ६३ बिटांत मावत नाही, तेव्हा त्याचाही वरचा बिट काढून षोडशमान पद्धतीने लिहा. हॅश दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला द्यायचा नसेल, फक्त स्वतःचे दोन रन जुळवायचे असतील, तर ६३ बिट पुरून उरतात. हीच युक्ती ३२ बिटी हॅशसाठी इंट३२ ची गरजच संपवते: इंटमध्ये गुणा, मग खालचे ३२ बिट ठेवून बाकी पुसा. गुणाकार ६३ बिटांबाहेर गेला तरी खालचे ३२ बरोबरच असतात.

इथवर वाचून कोड बदलायला बसण्याआधी बिल्ड कसं करता ते पाहा. ड्यून हे ओकॅमलचं बिल्डचं साधन डीफॉल्टने डेव्ह प्रोफाइल वापरतं आणि त्यात ‘-ओपेक’ हा पर्याय जातो. त्याने पुन्हा कंपाइल करणं झटपट होतं, पण एका मॉड्यूलला दुसऱ्याचं अंतरंग दिसत नाही. त्यामुळे मॉड्यूलच्या सीमेपलीकडे इनलायनिंग (फंक्शन जागीच उलगडणं) बंद. दुसऱ्या मॉड्यूलमध्ये ठेवलेला तो मॉड्यूलसचा स्थिरांकही स्थिरांक म्हणून ओळखला जात नाही, आणि बाकी काढणं पुन्हा खरा भागाकार होतो. वेग मोजायचा तो फक्त रिलीज प्रोफाइलवर. यूटॉप या संवादी कन्सोलमध्ये मोजलेला वेग तर पूर्ण विसरा. तिथे बाइटकोड चालतो, आणि वर सांगितलेलं फ्लोटचं अनबॉक्सिंग नेटिव्ह कंपायलर करतो. ‘-ओ३’ लिहिलं असेल तर कंपायलर फ्लॅम्डा या ऑप्टिमायझरसह बांधलेला आहे का ते त्याच्या कॉन्फिग छापणाऱ्या पर्यायाने तपासा. तसा नसेल तर ‘-ओ३’ चा काही उपयोग होत नाही. फ्लॅम्डा २०१६ च्या ४.०३ आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि उच्च श्रेणीची फंक्शनं जास्त आक्रमकपणे उलगडतो, त्यामुळे काही बॉक्स आपोआप जातात. पण ज्या लूपवर सगळं अवलंबून आहे तिथे मी त्याच्या भरवशावर राहत नाही.

मोजायची माझी पद्धत घड्याळाची नाही. जीसी (गार्बेज कलेक्टरच्या) मॉड्यूलमध्ये मायनर हीपवर आतापर्यंत किती वर्ड घेतले हे सांगणारं फंक्शन आहे. लूपच्या आधी आणि नंतर ते वाचा, फरकाला फेऱ्यांनी भागा. उत्तर ० आलं पाहिजे. २ आलं तर फेरीमागे एक फ्लोट बॉक्स होतो आहे, ३ आलं तर बहुधा एक इंट६४ किंवा एक जोडी, ७ आलं तर फ्लोटची जोडी. आकड्यावरून गुन्हेगार ओळखता येतो. मशीनवर दुसरं काय चालू आहे याने हा आकडा बदलत नाही, म्हणून तो युनिट टेस्टमध्ये घालता येतो. पुढे कोणी निरागसपणे लूपमध्ये ‘फोल्ड लेफ्ट’ आणलं तर टेस्टच सांगते. बॉक्स नेमका कोणत्या ओळीत आहे हे पाहायचं असेल तर ‘-डीसीएमएम’ पर्यायाने कंपायलरचं मधलं रूप छापा आणि त्यात ‘अ‍ॅलॉक’ शोधा. असेंब्ली वाचण्यापेक्षा हे खूप सोपं आहे.

अ‍ॅरेच्या सीमांची तपासणी बंद करण्याचा सल्ला अनेक जण सगळ्यात आधी देतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी. ती तपासणी म्हणजे एक तुलना आणि जवळजवळ कधीच न घेतली जाणारी उडी. प्रोसेसर तिचा अंदाज अचूक बांधतो. बॉक्स शिल्लक असताना ती काढून फारसं हाती लागत नाही, आणि इंडेक्स चुकला तर प्रोग्राम चुकीच्या मेमरीतून मुकाट वाचतो. मायनर हीप मोठा करणं हा बरा तात्पुरता उपाय आहे, रनटाइमच्या पॅरामीटरने कोड न बदलता करता येतो, पण तुमचे बॉक्स पूर्ण पाऊलभर जगतात म्हणून तो थोडासा मोठा करून तुम्हाला फायदा कमीच होईल.

हा सगळा त्रास भाषेने का ठेवला, असाही सूर तुमच्या प्रश्नात आहे. पर्याय होते आणि त्यांच्या किमतीही होत्या. हास्केल भाषेच्या जीएचसी या कंपायलरमध्ये साधा इंटसुद्धा तत्त्वतः बॉक्समध्ये असतो, कारण तो अजून न काढलेलं उत्तरही असू शकतो. १९९१ मध्ये पेटन जोन्स आणि लाँचबरी यांनी अनबॉक्स्ड मूल्यांना भाषेत स्वतंत्र टाइप दिला, आणि कंपायलर कोणतं मूल्य नक्की लागणार हे ओळखून बॉक्स काढत जातो. ओळखता आलं नाही तर खर्च ओकॅमलपेक्षा मोठा. स्टँडर्ड एमएल या भाषेचा कंपायलर एमएलटन पूर्ण प्रोग्राम एकत्र घेऊन प्रत्येक पॉलिमॉर्फिक फंक्शनच्या टाइपनुसार वेगळ्या प्रती करतो, त्यामुळे सर्वसाधारण कोडसाठी संख्या बॉक्स करायची वेळच येत नाही. पण मग वेगवेगळ्या मॉड्यूलचं स्वतंत्र कंपायलेशन सोडावं लागतं. ओकॅमलचे एक मुख्य निर्माते झाव्हिए लरॉय यांनी १९९२ मध्ये टाइपच्या आधारे सीमेवर बॉक्स करायचा आणि आत काढायचा अशी पद्धत मांडली होती. पुढे त्यांनीच ओकॅमलमध्ये साधा मार्ग पत्करला: सगळीकडे एकसारखा वर्ड, अनबॉक्सिंग फक्त फंक्शनच्या आत आणि वर सांगितलेल्या सपाट फ्लोट मांडणीत. कंपायलर साधा आणि झटपट राहिला, कोणत्या ओळीला किती खर्च हे माणसाला अंदाजाने सांगता येतं. मला ही देवघेव योग्य वाटते. जेन स्ट्रीट या ट्रेडिंग कंपनीने २०२५ मध्ये खुल्या केलेल्या ऑक्सकॅमल या ओकॅमलच्या विस्तारित आवृत्तीत अनबॉक्स्ड फ्लोट आणि इंट६४ हे टाइपच आले आहेत. ते फंक्शनची सीमा आणि मिश्र रेकॉर्ड दोन्ही बॉक्सशिवाय ओलांडतात. प्रयोग म्हणून जरूर पाहा, पण तुमच्या प्रोग्रामसाठी कंपायलर बदलण्याइतकी निकड नाही.

सीची गरज एका जागी मात्र खरोखर पडू शकते. ओकॅमलचा कंपायलर लूप आपोआप व्हेक्टर सूचनांत बदलत नाही. सीचा कंपायलर एका वेळी चार किंवा आठ फ्लोटवर काम करू शकतो, आणि तुमचं जागा-वेगाचं लूप त्यासाठी अगदी योग्य आहे. सगळे बॉक्स गेल्यावर, फेरीमागे ० वर्ड आल्यावरही तेवढंच लूप वेळ खात असेल, तर ते एकटं सीमध्ये न्या. अ‍ॅरेऐवजी बिगअ‍ॅरे वापरा, त्याची मेमरी कलेक्टर हलवत नाही. ओकॅमलच्या बाजूने बिगअ‍ॅरे वापरणाऱ्या फंक्शनांत घटकाचा प्रकार आणि मांडणी टाइपमध्ये पूर्ण लिहा, नाहीतर प्रत्येक वाचन सीच्या सर्वसाधारण फंक्शनमधून जाईल. बाहेरच्या फंक्शनच्या घोषणेत फ्लोटला ‘अनबॉक्स्ड’, इंटला ‘अनटॅग्ड’ आणि आत ओकॅमलच्या हीपवर काही घेत नसाल तर ‘नोअ‍ॅलॉक’ अशी नोंद करा. साइन, घातांक ही स्टँडर्ड लायब्ररीतली फंक्शनं याच नोंदींसह घोषित आहेत. आणि सीच्या बाजूला ‘-एफफास्ट-मॅथ’ लावू नका. त्याने बेरजांचा क्रम बदलण्याची मुभा मिळते आणि तुमचा हॅश दोन मशीनवर वेगळा येऊ शकतो.

आधी रेकॉर्ड बदला, मग रिलीज प्रोफाइलवर वर्ड मोजा, मग ‘मॅक्स’ आणि ‘फोल्ड लेफ्ट’, मग हॅश. फेरीमागचा आकडा प्रत्येक बदलानंतर किती झाला तो इथे लिहा. ० वर आला नाही तर त्या फंक्शनचं ‘-डीसीएमएम’ रूप जोडा, उरलेला बॉक्स कुठे आहे ते त्यातून शोधून देतो.